गाठोड्यातला टेपरेकॉर्डर

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. हातात मावणारा, पट्ट्याने खांद्याला अडकवता येणारा. मला गाणे ऐकवता येते आणि समोरचा आवाज टेपवर उतरवूनही घेता येतो. एवढे सगळे येत असूनही माझ्या वाट्याला आयुष्यभर चिडचिडच जास्त आली. ती का, ते सांगतो.

माझा जन्म दक्षिण कोरियातल्या एका कारखान्यात झाला. निळे डगले घातलेल्या मुली रांगेने बसून आमच्या पोटातल्या तारा जोडत असत. एकीने माझे लाल बटण बसवले, दाबून पाहिले आणि शेजारणीला म्हणाली, "हा चांगला खणखणीत आहे." मला फार बरे वाटले. आता बाहेर जायचे आणि मोठमोठे आवाज धरून आणायचे, असे मी मनाशी ठरवून टाकले.

बाहेर गेलो तो थेट मोकपो बंदरातल्या थाकमामांच्या दुकानात. तिथल्या काचेच्या फळीवर माझ्या शेजारी चंदेरी रंगाचे सडपातळ प्लेअर मांडलेले होते. त्यांना फक्त ऐकवता येई. तरी गिऱ्हाईक यायचे, मला उचलायचे, वजन बघायचे, परत ठेवायचे आणि त्यांच्यातला एखादा घेऊन जायचे. उन्हाने माझी एक बाजू फिकी पडली. मी तसाच बसून होतो.

मग एके दिवशी जोमरे आणि तिची मुलगी हेरान दुकानात आल्या. जोमरे बाजारात सुके मासे विकायची. दुपारी गर्दी ओसरली की ती प्योनबाईंकडे पान्सोरी शिकायला जात असे. पान्सोरी म्हणजे एकटीने उभे राहून, एका ढोलाच्या साथीवर, तासन्‌तास कथा गाऊन सांगायची. जोमरेने हे शिकायला घेतले ते वय उलटल्यावर. बाईंच्या समोर तिला सगळे जमायचे, पण घराच्या पायऱ्या चढेपर्यंत अर्ध्या हरकती निसटून जायच्या. हेरान शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला बसमध्ये गाणी ऐकायला काहीतरी हवे होते. यंदा घरात एकच वस्तू येणार, ती दोघींत, असे घरूनच ठरले होते.

"मामा, तो बारीक दाखवा ना," हेरान म्हणाली.

"त्यात टेप करता येतं का?" जोमरेने विचारले.

"नाही वहिनी. तो नुसता ऐकायचा," थाकमामा म्हणाले. "टेप करायचं तर हा छोटा काळा घ्या. भाषणं टिपायला लोक हाच नेतात. पण गाणं लावलंत तर पत्र्यावर खडे टाकल्यासारखं वाजेल."

"म्हणजे बारीक माझ्या कामाचा आणि काळा तुझ्या कामाचा," हेरान आईला म्हणाली. "आता बस भांडत."

थाकमामांनी मला खाली काढले आणि बाहीने माझ्यावरची धूळ पुसली. "हा दोन्ही करतो."

"मामा, ही वीट आहे."

"विटेला पट्टा आहे बघ," जोमरे म्हणाली आणि तिने मला खांद्याला अडकवून पाहिले. हेरान दुसरीकडे बघत राहिली. अशी माझी निवड झाली.

मला वाटले, आता माझे दिवस आले. पण घडले ते वेगळेच. त्या दोघींनी मिळून मला घेतले आणि दोघींनीही मला लपवले.

प्योनबाईंचा नियम होता की त्यांच्या घरात यंत्र आणायचे नाही. "यंत्रात गेलं की माणूस निवांत होतो आणि घसा आळशी होतो," असे त्या प्रत्येक नव्या शिष्येला सांगत. जोमरेला हे पक्के माहीत होते. म्हणून ती मला एका रंगीत फडक्यात, सुक्या माशांच्या पुड्यांमध्ये बांधून नेई आणि गाठोडे मांडीशी ठेवी. आत माझा जीव घुसमटे. बाहेर प्योनबाई गात, आणि त्यांचा आवाज असा काही होता की डोंगर चिरत यावा आणि शेवटी पापणीवर येऊन थांबावा. माझ्यापर्यंत त्यातले काय पोहोचे? फडक्याची सळसळ, कागदाचा चुरचुराट, आणि त्यापलीकडे, भिंतीआड कोणीतरी गात असल्यासारखे काहीतरी. जोमरे घरी मला कानाला लावून बसे आणि तेवढ्यातूनही वेचून वेचून शिके. मला मात्र लाज वाटे. मला येत होते, पण करू दिले जात नव्हते.

हेरानची तऱ्हा आणखी निराळी. ती मला दप्तराच्या तळाशी, जेवणाच्या डब्याखाली कोंबायची आणि फक्त हेडफोनची वायर बाहेर काढायची. एकदा डब्यातल्या किमचीचे, म्हणजे आंबवलेल्या कोबीचे, पाणी माझ्या कडेने आत झिरपले.

"कुठला घेतलास? दाखव ना," तिची मैत्रीण बसमध्ये म्हणाली.

"दप्तर उघडलं की पुस्तकं सांडतात."

"मासळीचा वास कुठून येतोय गं?"

"बंदरावर राहतो आपण. मग कसला यायचा?" हेरान म्हणाली आणि तिने दप्तराचा पट्टा आणखी आवळला.

आणि सेल. अरे मित्रांनो, त्या सेलनी तर माझे आयुष्य नासवले. हेरान जाता-येता गाणी ऐकून ते उतरवून ठेवी आणि शिकवणीच्या दिवशी तसाच मी गाठोड्यात जाई.

"सेल कोणी संपवले?" जोमरे विचारी.

"मी दोनच गाणी ऐकली."

"दोन गाणी ऐकायला तुला सबंध गाव फिरून यावं लागतं का?"

दर वेळी हेच. पण सेल वेळेवर बदलायचे कोणी, हे त्या घरात कधीच ठरले नाही.

शरद ऋतूतल्या एका दुपारी प्योनबाई रंगात होत्या. ढोलाच्या साथीला बसलेल्या मेंगकाकांना त्या म्हणाल्या, "आज कथेतला निरोपाचा भाग मी सबंध म्हणते. मध्ये थांबायचं नाही." जोमरेने हळूच हात गाठोड्यात घालून लाल बटण दाबले. माझे चाक फिरू लागले आणि मला कळले की ते जड फिरते आहे. सेलमध्ये जीवच नव्हता. मला ओरडून सांगायचे होते, पण मला फक्त दुसऱ्यांचा आवाज काढता येतो. बाई गात राहिल्या. मी ऐकलेल्यांपैकी तो सगळ्यांत मोठा आवाज होता, आणि मी तो रखडत, अडखळत, फडक्याच्या आडून घेत होतो.

टेप संपली. नेमक्या त्याच क्षणी बाईंनी श्वासासाठी एक लांब विराम घेतला होता. माझे बटण आपोआप वर उडाले. खट्.

"जोमरे," बाई म्हणाल्या, "तुझ्या गाठोड्यात काय आहे?"

"सुके मासे आहेत, बाई."

"सुके मासे खट् करतात?"

मेंगकाकांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. जोमरेने गाठ सोडली. बाईंनी मला पाहिले.

"मी तुला दर वेळी विचारत होते, परत म्हणू का? तू म्हणायचीस, नको बाई, आलं ध्यानात. ते याच्या जोरावर होय?"

"घरी जाईपर्यंत निसटतं हो, बाई."

"निसटलं तर परत यायचं. मी काय मेले होते? उचल ते आणि जा. पुन्हा येऊ नकोस."

घरी आल्यावर जोमरेने नवे सेल घालून मला सुरू केले. उतरत्या सेलवर भरलेली टेप नव्या सेलवर धावत सुटली. बाईंचा तो आवाज कोंबडीच्या पिलासारखा चिवचिवू लागला. हेरानला हसू फुटले, पण आईचा चेहरा दिसताच ते थांबले. जोमरेने मला कपाटाच्या वरच्या फळीवर टाकले, टेपसकट आणि सेलसकट. सबंध हिवाळाभर ते सेल माझ्या पोटात फुगत गेले, फुटले आणि त्यांचे पाणी माझ्या पत्र्यांना खात राहिले. कोणी दार उघडून पाहिले नाही.

वसंतात मेंगकाका जोमरेच्या दुकानी आले. बाईंच्या घशाचे ऑपरेशन झाले होते. आवाज गेला होता. उरली होती ती कुजबुज. "तुला बोलावलंय," ते म्हणाले. "ते डबडं घेऊन ये म्हणाल्या."

त्या दिवशी हेराननेच मला खाली काढले. माझे पोट उघडून तिने आतली पांढरी-हिरवी पुटे बघितली आणि मला तशीच थाकमामांकडे घेऊन गेली.

"नवीन घे ना पोरी," मामा म्हणाले. "आता या बारीकमध्ये टेपसुद्धा करता येतं. ऐकायलाही गोड आहे."

तो प्लेअर खरोखरच देखणा होता. हेरानने तो हातात घेतला, दाबून पाहिला, खिशात घालूनही पाहिला. मी काउंटरवर उघड्या पोटाने पडून होतो. माझे संपले, असे मला वाटले.

"बाईंची टेप फार धावते. याच्यात उतरते सेल घातले तर हा हळू चालेल?" तिने विचारले.

"छे. चालेल तर नीट चालेल, नाहीतर बंद पडेल. नवी यंत्रं आहेत ही."

"आणि आमचा? बसमध्ये सेल उतरले की गाणी रडायला लागायची याच्यावर."

"तो रडेल. पण ती टेप बरोबर लागेलच असं काही नाही हां."

"नसू दे. याचा गंज काढा," हेरान म्हणाली आणि तिने तो देखणा प्लेअर परत ठेवला. माझ्या उणेपणासाठी झालेली ती माझी निवड. मी आनंद मानायचा की संताप करायचा, ते मला आजही समजलेले नाही.

घरातल्या टॉर्चमधून आणि घड्याळातून म्हातारे सेल काढून हेरान आईबरोबर प्योनबाईंकडे गेली. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, गळ्याभोवती रुमाल. या वेळी मला फडक्यात बांधलेले नव्हते. हेरानने एक सेल बदलला, मग दुसरा, आणि बटण दाबले. चिवचिवाट खाली आला. आणखी खाली आला. मग एका जागी तो स्थिर झाला, आणि त्या खोलीत प्योनबाई गाऊ लागल्या. सळसळीमागून, भिंतीआडून, पण त्याच. मेंगकाकांचा हात आपसूक ढोलावर पडला. बाई जमिनीवर बोटांनी ताल धरून होत्या. त्यांचे डोळे मिटलेले होते.

मी जिवाच्या आकांताने चाक सांभाळत होतो. पण सेल ते सेलच. वेग ढळला, आवाज जाडा होत म्हशीसारखा हंबरला, टेप सैल पडली आणि माझ्या रबरी चाकाभोवती गुंडाळली गेली. मी ती चावली. हेरानने झाकण उघडले तेव्हा चुरगळलेली, तुटलेली टेप लांबच लांब बाहेर आली. ती तिथेच रडू लागली.

"रडू नकोस," बाई कुजबुजल्या. त्या एकेक शब्द ओढून काढत होत्या. "वाईटच भरलं होतं. चोरून केलंस, ते नीट तरी करायचं."

"चुकलं, बाई," जोमरे म्हणाली.

"मला विचारलं असतंस तर शिव्या दिल्या असत्या. दोन दिवस. मग हो म्हटलं असतं." त्यांनी श्वास घेतला. "नवे सेल आहेत?"

हेरानने होकाराची मान हलवली.

"घाल. आणि ते डबडं इथे ठेव, माझ्यासमोर. मी सांगते, जोमरे म्हणेल. चुकली की मी पुन्हा सांगेन. तेही सगळं भरू दे."

अशा रीतीने मी पहिल्यांदा उघड्यावर, एका गादीवर, माणसांच्या मधोमध बसलो. पोटात नवे सेल, वर कसलेही फडके नाही. बाईंच्या कुजबुजीतला एकेक श्वास मी स्वच्छ धरला. "इथे नाही, त्याच्या आधी वळ," "पोटातून, घशातून नको," "आता बरं." दोन उन्हाळे असेच गेले. कॅसेटींनी एक खोके भरले. बाई गेल्या तेव्हा निरोपाचा भाग जोमरेच्या घशात पुरता उतरला होता. बंदराच्या उत्सवात ती तो गायली, मेंगकाकांच्या ढोलावर. हेरान मला सगळ्यांसमोर खांद्याला अडकवून उभी होती. लोक मोठ्याने दाद देत होते, आणि मी तीही दाद भरून घेतली.

तरी मित्रांनो, माझी चिडचिड गेलेली नाही. माझ्याजवळ कुजबुज आहे, ती काचेसारखी स्पष्ट. डोंगर चिरणारा तो आवाज मात्र मला फडक्याआडून मिळाला, आणि तोही मी माझ्याच दातांनी चावून टाकला. आता मी हेरानच्या कपाटात आहे. ती सेल काढून ठेवते आणि अधूनमधून स्पिरिटच्या बोळ्याने माझे डोके पुसते, म्हणून एवढे बोलू शकलो.

तुमच्या घरीही कोणीतरी गात असेल, गोष्ट सांगत असेल, हाका मारत असेल. माझ्यासारखे काही तुमच्या हाती असेल तर त्याचे सेल बघा, त्याचे पोट स्वच्छ ठेवा. मग त्या माणसाकडे जा आणि सरळ विचारा. शिव्या पडल्या तर खा. त्या दोन दिवसांत संपतात. तुम्ही विचारायच्या आधी आवाज संपू देऊ नका.