कापलेल्या गिअरबॉक्सची कैफियत

माझं पोट एका बाजूने कापलेलं आहे. घाबरू नका मित्रांनो, ते मुद्दाम कापलेलं आहे. नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यातला मी जुना गिअरबॉक्स. शिकाऊ मुलांना आतले भाग दिसावेत, म्हणून मला कापून ट्रेनिंगच्या खोलीत ठेवलं.

आमच्या कारखान्यात सगळ्या कामाला एकच शब्द, ‘बसव’. बेअरिंग बसव, चाक बसव, झाकण बसव. कसं बसवायचं ते शेजारचा माणूस दाखवतो, म्हणून चालून जातं. पण मशीन परदेशी गेलं की सोबत फक्त इंग्रजी कागद जातो आणि त्यात प्रत्येक ‘बसव’ला वेगळा शब्द लागतो. शिकाऊ पोरांना शिकवणाऱ्या वाल्मीक मिस्त्रींना हे पक्कं ठाऊक होतं. ते पोरांना डोळे मिटून माझ्या पोटात हात घालायला लावत. भाग कसा आत जातो हे हाताला कळलं, की मगच त्याचा इंग्रजी शब्द सांगत. काय कौतुक होतं तेव्हा माझं! पाहुणे आले की पहिल्यांदा मला पुसून घेत.

मिस्त्री निवृत्त झाले आणि माझे दिवस फिरले. माझ्या डोक्यावर लोक चहाचे कप ठेवू लागले. काल साहेबांनी माझ्यावर खडूने फुली मारली. आज पाच वाजता भंगारचा टेंपो येणार होता.

तीन वाजता स्नेहल खोलीत आली आणि जमिनीवरच बसून रडू लागली. सायखेड्याची ही मुलगी. डिप्लोमा झालेली, इंग्रजी फाडफाड बोलणारी. पण परदेशी पाठवायच्या मशीन जोडणीच्या कागदावर तिने प्रत्येक ‘बसव’साठी ‘इन्सर्ट’च लिहिलं होतं. तिकडच्या कामगारांनी बेअरिंग नुसतं हाताने ढकललं, ते अर्धवट राहिलं आणि तीन मशीन जाम झाली. पाचच्या आत कागद दुरुस्त झाला नाही तर उद्यापासून येऊ नका, असं साहेबांनी बजावलं होतं. घरात कमावणारी ती एकटीच.

लताबाई झाडू मारत होत्या. त्यांनी झाडू भिंतीला लावला.

“पोरी, रडून काय व्हनार हाय? याच्या पोटात हात घाल. मिस्त्री सगळ्यांना घालायला लावायचे.”

“मावशी, तुम्हाला कसं माहीत?”

“बारा वर्सं झाडतेय ही खोली. कान काय बंद ठेवते व्हय?”

स्नेहलने हात घातला. दातेरी चाक दांड्यावरून अलगद सरकलं. “स्लाइड,” ती म्हणाली. बेअरिंग मात्र जागचं हलेना. तिने सगळा जोर लावला, बोटं लाल झाली.

“ते हातानं जात नाय. दाबयंत्र लागतं. त्याला प्रेस म्हनायचे,” लताबाई म्हणाल्या.

मग कडी खाचेत पडून टक् वाजली, तेव्हा ‘स्नॅप’. दात दातांत गुंतले, तेव्हा ‘मेश’. मी ओरडून सांगत होतो, थांबू नकोस पोरी, अजून झाकण राहिलंय! पण मला आवाज कुठला? तेवढ्यात, पाचला दहा मिनिटं कमी असतानाच, टेंपोचा हॉर्न वाजला. चार माणसांनी मला उचललं, तेव्हा झाकणाचे आटे फिरवून बघत ती माझ्याबरोबर दारापर्यंत चालत आली आणि चालता चालताच तिने ‘स्क्रू’ लिहिलं.

काट्यावर माझं वजन झालं. टेंपो फाटकाशी पोचला, तोच ती धावत आली. हातात साहेबांची सही झालेला कागद होता. नोकरी वाचली होती.

“दादा, याला उतरवा. मी साहेबांशी बोलते, दहा मिनिटं थांबा.”

“ताई, काटा झाला, पावती फाटली. आता हे नुसतं लोखंड हाय,” ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने गाडी काढली.

मित्रांनो, हे मी टेंपोतून सांगतो आहे. पुढे भट्टी आहे. मला फार भीती वाटते. माझं आता काही व्हायचं नाही. पण कोपऱ्यातली एखादी जुनी वस्तू काट्यावर ठेवण्याआधी तिच्यात एकदा हात घालून बघा. आणि तिथे झाडणारी बाई असेल, तर तिलाही विचारा.