कोंडीच्या तीन कॅसेटी

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मैनाच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं ते १९७९ साल. आहेरात द्यायला म्हणून मैनाने मला घेतलं होतं. भिसेगावला मांडवाच्या दारातच तिच्या भावाने तिला अडवलं.

“साडी नेसून आलास? जा परत. आन ते खोकं पन ने.”

मैना मला छातीशी धरून खोपोलीला परतली.

मित्रांनो, मैना मुलगा म्हणून जन्मली, पण बाई म्हणून जगली. खोपोलीत अशा तिघीजणी एका खोलीत राहत: मैना, धाकटी पोशा आणि त्यांची गुरू कोंडी. लोक त्यांना हिजडे म्हणून हिणवत. कोंडी सत्तरीला टेकलेली. मला पाहून तिने विचारलं, “ह्याच्यात बोलल्यालं ऱ्हातं काय गं?”

“ऱ्हातं, गुरुमाय.”

“मंग आदी हिरूचं नाव घाल. मी गेले का हिरू कोन व्हती, कोनाला ठावं?”

मग कोंडी बोलत गेली. १९६४ साली कोंडी, तिची सोबतीण हिरू आणि त्यांच्यासारख्या आणखी काहीजणी रेशनकार्ड मागायला एका कचेरीत गेल्या होत्या. साहेब म्हणाला, “बाई का पुरुष, ते आधी ठरवून या.”

“भूक काय इचारून लागते व्हय रं साहेब?” कोंडी म्हणाली, आणि सगळ्या पायरीवर बसल्या. नऊ दिवस बसल्या. कार्डं मिळाली, पण सहाव्या दिवशी उन्हाने हिरू गेली. तिच्या घरच्यांनी प्रेतही नेलं नाही.

अशा तीन कॅसेटी भरल्या. तेव्हा मला माझ्या जन्माचं सार्थक वाटलं होतं.

कोंडी वारली. मेलेल्याचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. दहाव्याला धाकट्या पोशाने सगळं गोळा करून पाताळगंगेत सोडलं. मैनाने विचारलं, “कॅसेटी कुठं गं?”

“उशाखालचं गाठोडं ना? तिचंच व्हतं. तिच्यासंगं धाडलं.”

पोशाने मायेनेच केलं होतं.  मैनाने माझं बटण दाबलं. पोटात कॅसेट नव्हती, तरी ती माझी घरघर ऐकत बसली.

आता मी माळ्यावर आहे. मित्रांनो, तुमच्या घरात ज्या माणसाचं नाव कुणी घेत नाही, त्याच्याविषयी म्हाताऱ्यांना विचारा. ते बोलतात तोवर विचारा, आणि एका जागी ठेवू नका, चार ठिकाणी लिहून ठेवा.

हिरू मे १९६४ मध्ये कचेरीच्या पायरीवर वारली. कोंडी ९ मार्च १९८४ रोजी खोपोलीत वारली.