मुठीतला क्लच

गाडी बघायला गेलो, पण नाही म्हणायचं हे मी घरूनच ठरवून निघाले होते. पन्नास वर्षांचा जुना पिकअप, तोही कोणीतरी स्वतःच्या डोक्याने कापून-जोडून बनवलेला. आमच्या घरात आधीच एक व्हीलचेअर होती, दोन कुबड्या होत्या आणि एक चिडका माणूस होता. आणखी अडगळीला जागा नव्हती.

चिडका माणूस म्हणजे आमचे हे. सव्वीस वर्षं ह्यांनी काचांच्या कारखान्याचा पिकअप चालवला. मागे खिडक्यांच्या काचा उभ्या बांधलेल्या आणि पुढे हे. रस्ता कसाही असो, ह्यांच्या हातून एक काच कधी तडकली नाही, आणि हे ऐकलं नाही असा माणूस आमच्या ओळखीत उरलेला नाही. मी स्वयंपाकघरात पातेलं जरा जोरात ठेवलं तरी बाहेरून आवाज यायचा, "हळू, माल आहे मागे." दोन वर्षांपूर्वी काचा उतरवताना पाठीवर पडले. कण्यातली नस दबली आणि डावा पाय मांडीपासून खाली गेला. गेला म्हणजे आहे तिथेच आहे, पण हलत नाही आणि त्याला काही कळतही नाही. सुई टोचली तरी पत्ता नसतो. ऑटोमॅटिक गाडी घ्या, असं सगळ्यांनी सुचवून झालं. "ती चालवायची नसते, तिच्यात नुसतं बसायचं असतं," असं म्हणून ह्यांनी तो विषय मिटवला आणि पुढची दोन वर्षं खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्या ड्रायव्हरांच्या चुका काढल्या.

त्या पिकअपच्या मालकाला डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. तो वारला होता आणि त्याची लेक गाडी विकत होती. गाडीचा अवतार बघण्यासारखा होता. हिरवा रंग उडून ठिकठिकाणी गंज आलेला, एक दार दोरीने ओढून बंद करायचं, सीट एका बाजूला चार बोटं उंच केलेली. मी कपडे आल्टर करून देते, त्यामुळे मला थोडी नजर आहे. एखादं कापड एकाच माणसाच्या अंगावर बेतावं, तशी ती गाडी एका माणसावर बेतलेली होती. क्लचचं पेडल त्याने काढूनच टाकलं होतं. त्याच्या जागी गिअरच्या दांड्याला एक लांब मूठ बसवली होती, सायकलच्या ब्रेकसारखी. मूठ आवळली की आतली केबल ओढली जायची, एक स्प्रिंग तिला जोर द्यायची आणि क्लच दबायचा. एकाच हाताने क्लचही आणि गिअरही.

हे आत बसले. पहिल्या फेरीत गाडी दोनदा बंद पडली. दुसऱ्या फेरीत एकदा. तिसऱ्या फेरीत अंगणातल्या झाडाला वळसा घालताना ह्यांनी डावं कोपर सीटवर टेकवलं, मूठ आवळली आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये इतकी अलगद गेली की मला कळलंसुद्धा नाही. खाली उतरले तेव्हा ह्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर दोन वर्षांत न पाहिलेलं हसू. मी तोंड उघडलं ते किल्ली मागायला.

कामं मात्र ढीगभर होती. पायाखालचा पत्रा सडलेला, ब्रेक दुसऱ्यांदा दाबल्यावर मनावर घेणारे, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, आणि इंजिनाचा धूर असा की मागचा माणूस शिव्याच देईल. हे सगळं एकाच माणसाकडे द्यायचं ठरलं. त्याला सगळे मिलीमीटर म्हणतात. पूर्वी कारखान्याच्या गाड्या तोच बघायचा, आता शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. काम एवढं काटेकोर की स्क्रू अर्धा आटा जास्त फिरला तरी परत खोलणार. कंपनीने गाडी जशी बनवली तशीच ती असली पाहिजे, हा त्याचा धर्म. अपघातानंतर त्याची आणि ह्यांची भेट नव्हती, पायाचं त्याच्या कानावर गेलेलं नव्हतं.

गाडी टो करून न्यायची होती त्या सकाळी ह्यांनी मला बजावलं, पायाबद्दल तिथे एक अक्षर काढायचं नाही. का, असं विचारलं तर म्हणाले, तो कीव करेल आणि कीव करणारा माणूस नीट काम करत नाही. मला ते पटलं नव्हतं. पण गाडी आल्यापासून हे वेळेवर जेवत होते, दाढी करत होते, मला माझ्या नावाने हाक मारत होते. म्हटलं, कशाला विघ्न आणा. मी मूग गिळून गप्प बसले.

सात आठवडे काम चाललं. हे रोज मिलीमीटरला फोन करायचे, बाल्कनीचं दार लावून घेऊन, आणि आत हसण्याचे आवाज यायचे. मी मशीनवर सीटचं कव्हर शिवलं, दाट तपकिरी रेक्झिनचं. तीन सुया मोडल्या. सीटची ती चार बोटांची उंची तशीच धरून माप घेतलं होतं, कारण हे म्हणाले होते की त्याने पाठीला बरं वाटतं.

गाडी आणायला गेलो तेव्हा हे एकच कुबडी घेऊन गेले. मिलीमीटरने काय झालं विचारलं, तर म्हणाले, "मुरगळलाय जरा." मी छताकडे बघत राहिले.

गाडी खरंच दृष्ट लागण्यासारखी झाली होती. गर्द हिरवा रंग, मागच्या हौद्यात नव्या फळ्या, दार एका बोटाने बंद होत होतं. मिलीमीटरने ह्यांना आधार देऊन आत बसवलं. ह्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, मग डावा हात सवयीने खाली नेला आणि तो तिथेच थांबला. गिअरचा दांडा बारीक, सरळ, वर काळा गोल लट्टू. मूठ नव्हती. मी खिडकीतून वाकून पाहिलं. खाली ओळीने तीन पेडलं होती.

मिलीमीटर सांगतच होता. मूळ पेडल मिळवायला किती भंगारवाले पालथे घातले, त्याचा दांडा कसा सरळ केला. "आणि ते लटांबर काढून टाकलं, वहिनी. फोनवर विचारलं होतं मी ह्याला, की बाबा हे कोणाच्या कामाचं? तुला ठेवायचंय का? तर म्हणाला, मला काय करायचंय त्याचं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी नजर मीटरवर रोवलेली होती. गाडी बंद, काटा शून्यावर, आणि हे असे बघत होते की जणू काटा आता हलेल. मग म्हणाले, "झकास काम केलंस रे."

मिलीमीटर खूश झाला. एक चक्कर मारून ये म्हणाला. हे म्हणाले, आज नको, पाय दुखतोय. सहन करायची म्हणून एक हद्द असते आणि माझी ती ओलांडून दोन वर्षं झाली होती.

"भावजी, पाय मुरगळलेला नाही," मी म्हटलं. "गेलाय. ती मूठ होती म्हणून आम्ही ही गाडी घेतली."

"अगं," एवढंच हे म्हणाले.

मिलीमीटरला आधी वाटलं की मी थट्टा करतेय. मग त्याने ह्यांच्या पायाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शेजारच्या टायरवर बसला. मूठ, केबल, स्प्रिंग, सगळं महिनाभरापूर्वीच भंगारात गेलं होतं. तो आमच्यासमोरच भंगारवाल्याला फोन लावत होता आणि पलीकडचा माणूस सांगत होता की तो माल कधीच भट्टीत गेला. चूक कोणाची म्हणून ओरडावं, तर तिघांपैकी एकानेही वाईट चिंतलेलं नव्हतं. एकाने जीव ओतून काम केलं होतं, एकाने लाज झाकली होती आणि मी तोंड बंद ठेवलं होतं.

घरी परत येताना टॅक्सीत मी ह्यांना विचारलं, फोनवर असं का बोललात.

"तो हसत हसत विचारत होता गं," हे म्हणाले. "मीही हसत सांगितलं."

मिलीमीटरने नवी मूठ बनवायला घेतली. त्या मालकाच्या लेकीला मी फोन केला, काही चित्र, काही मापं, कागदाचा एखादा चिटोरा तरी असेल म्हणून. ती बिचारी शोधून दमली. तिने सांगितलं, बाबा त्या एका स्प्रिंगच्या मागे अकरा वर्षं होते, सारखी बदलायचे, पण लिहून काही ठेवलं नाही. जे होतं ते त्यांच्या हातात होतं.

मिलीमीटरची पहिली केबल तुटली. दुसरी मूठ इतकी घट्ट झाली की आवळायला दोन हात लागले. तिसरीने क्लच अर्धाच सुटायचा. चौथी छान जमली असं वाटलं, त्याने आम्हाला बोलावलंही. आम्ही पोचायच्या आत स्प्रिंग निसटली आणि गाडी उडी मारून गॅरेजच्या भिंतीवर गेली. नव्या बंपरला पोचा आला होता. मिलीमीटरचा चेहरा पांढरा पडला होता.

"वहिनी, उतारावर हे असं सुटलं तर?" तो म्हणाला. "मी हात टेकले. ह्याला मारणारी वस्तू मी माझ्या हाताने नाही बनवणार."

त्याने बंपर सरळ केला, गाडी आमच्या दारात आणून लावली आणि चहाही न घेता गेला.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून माझा जीव तुटतो. हे रोज सकाळी खाली जायचे आणि गाडी पुसायचे. मग आत जाऊन बसायचे. जाणारेयेणारे थांबून म्हणायचे, काय गाडी आहे, एक नंबर. हे मान हलवायचे. कोणी विचारलं, फिरायला नाही काढत का, तर सांगायचे की अजून थोडं काम बाकी आहे. मला त्या गाडीचा इतका राग यायला लागला की भाजी आणायला मी मागच्या दाराने जायचे. जेवण पुन्हा अर्धवट राहायला लागलं. दाढी वाढली. आणि मी, जिने आयुष्यभर दुसऱ्यांचे तंग कपडे सैल आणि सैल कपडे तंग करून दिले, ती ह्यांच्यासाठी काहीच करू शकत नव्हते.

एका रविवारी सकाळी मी खाली गेले आणि दुसऱ्या बाजूने गाडीत चढले. सीट एकच सलग होती. मी सरकत सरकत ह्यांना खेटून बसले. ह्यांना वाटलं, बाईला प्रेमाचं भरतं आलं. मी म्हटलं, क्लच मी दाबते, बाकीचं तुम्ही करा.

आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, वेड लागलंय तुला. मग किल्ली फिरवली.

आमचा रस्ता सरळ आहे आणि एका बंद गोदामाच्या फाटकापाशी संपतो. रविवारी तिथे चिटपाखरू नसतं. मी ह्यांचा डावा पाय दोन्ही हातांनी उचलून सीटखाली मागे सारला, माझा उजवा पाय पसरून क्लचवर ठेवला. हे म्हणायचे दाब, मी दाबायचे. हे म्हणायचे सोड, मी सोडायचे, आणि गाडी आचके देऊन बंद पडायची. चार वेळा तेच झालं. हे तापले. म्हणाले, दाब म्हटलं की दाबायचं, मध्ये विचार करायचा नाही. मी म्हटलं, विचार करणारी असते तर तुमच्याशी लग्न केलं नसतं. हे हसले, आणि त्या हसण्यातच पाचव्या वेळी गाडी निघाली.

फाटकापर्यंत गेलो. वळवून परत आलो. पुन्हा गेलो. दुसऱ्या फेरीपासून पेडल मला जरा मऊ लागत होतं. मला वाटलं, बसला आपला पाय आता. ह्यांनी "दाब" म्हणणंही सोडलं होतं. नुसता खांदा हलला की मला कळायचं. गिअर एकदासुद्धा करकरला नाही. मागे काच असती तरी तडकली नसती, असं मी म्हणाले. ह्यांनी पुढचा गिअर आणखी अलगद टाकला. अर्धा तास आम्ही त्या दोनशे पावलांच्या रस्त्यावर येत-जात होतो. इतकी सुखी मी कितीतरी दिवसांत नव्हते.

दारात गाडी लावली. मी उतरून वळसा घालून ह्यांच्या बाजूला गेले, दार उघडलं आणि पाय बाहेर काढायला वाकले.

पाय सीटखाली नव्हता. त्या पहिल्या आचक्यांनी तो घसरत पुढे आला होता आणि फाटकापाशी वळताना मी पाय उचलला तेव्हा थेट क्लचवर जाऊन पडला होता. चप्पल कुठेतरी कोपऱ्यात होती. पावलावर माझ्या टाचेचा ठसा उमटला होता, दोन बोटं काळीनिळी होऊन टम्म फुगली होती, एक नख उलटलं होतं आणि रक्त बोटांमध्ये वाळलं होतं. अर्धा तास मी सगळा भार टाकून त्यावर दाबत होते.

"तुम्हाला कळलं नाही?" मी विचारलं.

"नाही."

"काहीच नाही?"

"दुखलं असतं तर सांगितलं असतं ना गं."

मी रस्त्यावरच फतकल मारून बसले आणि ते पाऊल मांडीवर घेऊन मोठमोठ्याने रडले. शेजारची बाई गॅलरीत आली आणि आत गेली. ह्यांनी मला गप्प केलं नाही. हे वाकून त्या पावलाकडेच बघत होते, बराच वेळ, दुसऱ्या कोणाचं असावं तसं.

"म्हणजे पहिल्या फेरीनंतर," ह्यांनी सावकाश विचारलं, "क्लच ह्याच पायाने दबत होता?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"उद्या बूट घालतो," हे म्हणाले. "वरून कडक असलेला. तू फक्त दाबत राहा."

मी ओढणीचं टोक ओलं करून ह्यांच्या बोटांवरचं रक्त पुसत राहिले. उपयोग नाही हे माहीत असूनही, दर वेळी हात लावताना विचारत होते, दुखतंय का.