पेंटरची डबी

आमच्या निवाऱ्यात एक वकील राहतो. कोर्टाची पायरी त्याने कधी चढलेली नाही, पण चहात साखर कमी पडली तरी मुद्देसूद बाजू मांडतो, म्हणून ते नाव. शेजारच्या खाटेवर पेंटर असायचा. रस्त्यावर असताना दोघांनी एकच चादर वाटून घेतलेली, त्यामुळे सख्खे भाऊ राहणार नाहीत असे राहायचे. मी इथली स्वयंपाकीण. दोघांनी मिळून माझं डोकं पुष्कळ खाल्लं.

पेंटरला खोकला होता. रंगाची धूळ छातीत बसलीय, असं तो सांगायचा. अंगातला शर्ट दिवसेंदिवस ढगळ होत चालला, तरी दोष धुळीचाच.

नर्सताई आली ती दोन कामं घेऊन. सगळ्यांना फ्लूची लस टोचायची आणि खोकणाऱ्यांची थुंकी क्षयासाठी तपासायची. सुई पाहून वकिलाने डोळे मिटले आणि पेंटरचा हात धरला, तेव्हा सगळा हॉल हसला. मग ताईने खोकणाऱ्यांना झाकणाची एकेक डबी दिली. सकाळी उठल्याबरोबर अंगणात जाऊन छातीतून खाकरून काढायचं, नुसती लाळ नको. शेवटी माणसाला लाज असते, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि कोणी कोणाकडे बघितलं नाही.

पेंटरची डबी वकिलाने भरली.

त्याचंही कारण होतं. आधीच्या व्यवस्थापकाच्या काळात ज्याची तपासणी वाईट यायची, त्याचं गाठोडं दाराबाहेर पडायचं. वकिलाने ते डोळ्यांनी पाहिलेलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकूनच पिणार. नव्या व्यवस्थापकबाईंनी तो नियम कधीच मोडीत काढला होता. आजाऱ्याला मागची वेगळी खोली, जेवण तिथेच, आणि इकडची खाट त्याच्यासाठी राखलेली. पण आधीच सांगून लोकांना कशाला घाबरवायचं, असं बाईंनी आणि ताईने ठरवलं. चांगल्या मनाने ठरवलं आणि तिथेच घात झाला.

पेंटरचा अहवाल स्वच्छ आला. ताईला पटेना, ती दुसरी डबी मागू लागली. वकिलाने तासभर हुज्जत घालून तिला परत पाठवलं. एकदा निकाल लागला की लागला, म्हणे. खटला जिंकल्यासारखा दिवसभर मिरवत होता मेला.

पुढे एका दुपारी पेंटरला जेवताना रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात नेईपर्यंत फुप्फुसं पोखरून गेली होती. तो परत आला नाही.

मग बाईंनी दारावर मोठ्या अक्षरात लावलं, की आजाऱ्याची खाट राखून ठेवली जाईल. वरातीमागून घोडं. वकिलाने ते वाचलं आणि तिथेच खाली बसला. ताई आल्यावर त्याने स्वतःहून सगळं सांगितलं. मला वाटलं ती चिडेल.

ती म्हणाली, "खाटेचं मी आधीच सांगायला हवं होतं, काका."

वकिलाने वाद घातला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

पेंटरच्या शेजारी झोपणाऱ्या सगळ्यांची तपासणी झाली, त्यात वकिलाला क्षय निघाला. त्याला मागच्या खोलीत ठेवलं. ताईसमोर रोज गोळ्या घ्यायच्या, मी ताट दाराशी ठेवायचं. संसर्गाची भीती सरली तसा तो आपल्या खाटेवर परत आला. गोळ्या मात्र सहा महिने चालल्या. गाल भरले, खोकला गेला. चिडचिड परत सुरू झाली तेव्हा मला किती बरं वाटलं, काय सांगू.

शेवटचा अहवाल घेऊन ताई स्वयंपाकघरातच आली. वकील माझ्यासमोर चहा पीत होता. तुम्ही पूर्ण बरे झालात, ती म्हणाली.

वकिलाने कप खाली ठेवला. "झालं? एवढंच होतं?"

"हो, काका."

"एवढंच होतं," तो म्हणाला, आणि मग लहान मुलासारखा रडायला लागला.