पाचांपैकी तीन

माझा मुलगा यतीन नऊ वर्षं इंग्लंडमध्ये रग्बी लीग खेळला, तेही पगार घेऊन. अमेरिकेत, आमच्या कॅरी गावच्या मराठी मंडळात हे वाक्य मला दर वेळी दोनदा सांगावं लागे. लोकांची मुलं डॉक्टर. माझा मुलगा ना हेल्मेट ना पॅड, काखेत चेंडू धरून समोरच्या धिप्पाड माणसांवर आदळायचा. सुरुवातीला मला लाज वाटायची. मग तिकडच्या पेपरात त्याचा फोटो आला आणि मीच तो सगळ्यांना फॉरवर्ड केला. लोक असेच असतात म्हणणार होतो, पण मी असा आहे, एवढंच खरं.

गुडघे गेल्यावर तो परत आला आणि इथल्या एका छोट्या क्लबचा कोच झाला. मी तोवर रिटायर झालो होतो. घरी बसून बायकोच्या, सुवर्णाच्या स्वयंपाकात नाक खुपसण्यापेक्षा बरं, म्हणून क्लबची कागदपत्रं सांभाळू लागलो.

मार्चमध्ये, सीझनच्या आधी, प्रत्येक खेळाडूची स्मरणशक्ती तपासतात. फिजिओ पाच शब्द सांगते, जरा इकडचंतिकडचं विचारते आणि मग ते शब्द परत म्हणायला लावते. किती आठवले तो आकडा मी फाइलमध्ये लिहायचा. पुढे मॅचमध्ये डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा होते. आकडा मार्चपेक्षा घसरला तर खेळाडू बाहेर.

कुशला मार्चमध्ये पाचांपैकी तीन आठवले. हा कुश माझ्या जुन्या मित्राचा, शेजारच्या मॉरिसव्हिल गावातल्या प्रसादचा मुलगा, चोवीस वर्षांचा. मराठी जेमतेम बोलतो, पण आठव्या वर्षापासून दर गणपतीत मंडळाच्या स्टेजवर अख्खं अथर्वशीर्ष म्हणतो, आता तर एक अक्षर न चुकता. आणि त्याला पाच शब्द आठवू नयेत? मी मान वर केली तर पठ्ठ्याने मला डोळा मारला.

घरी जाताना यतीनने उलगडा केला. सगळे मुद्दामच कमी सांगतात, म्हणजे पुढे मार बसला तरी आकडा घसरलेला दिसत नाही. त्याने स्वतः नऊ वर्षं तेच केलं होतं आणि कुशलाही त्यानेच शिकवलं होतं. मी हसलो. पोरं हुशार आहेत, असंच मला तेव्हा वाटलं. त्या हसण्याची आज मला शरम वाटते.

उन्हाळ्यात यतीन बदलत गेला. स्वतःच्याच खेळाडूंची नावं मनगटावर पेनाने लिहू लागला. हायवेवरून घराकडे वळायचा एक्झिट दोनदा चुकला. फोनमध्ये डोकं घालून बसतोस म्हणून मी त्याला झापलं. सुवर्णा म्हणाली, डॉक्टरला दाखवू या. मी म्हटलं, बघू.

ऑगस्टच्या फायनलला कुशला पाहायला इंग्लंडच्या एका क्लबचा माणूस आला होता. कुशचा खेळ आवडला तर करार, जसा कधीकाळी यतीनला मिळाला होता. वीस मिनिटं उरली होती आणि आम्ही चार गुणांनी मागे होतो, तेव्हा कुशचं डोकं समोरच्याच्या खांद्यावर आपटलं. तो आवाज आमच्या बाकापर्यंत आला.

तो उठला, चालत बाहेर आला. फिजिओने डोळे पाहिले, तोल पाहिला, पाच शब्द सांगितले. थोड्या वेळाने विचारले तर त्याने तीन सांगितले. तिने माझ्याकडून फाइल घेतली. मार्चमध्येही तीन. कागदावर तो ठणठणीत होता. आता कोच म्हणेल तसं, असं सांगून ती बाजूला झाली.

"कोच, आय ॲम गुड," कुश म्हणाला. "सेंड मी."

यतीनने मनगटाकडे पाहिलं, उत्तर तिथे लिहून ठेवल्यासारखं. समोरच्या बाजूला प्रसाद उन्हात उभा राहून टाळ्या वाजवत होता, पोरगा आपल्या पायांनी बाहेर आला म्हणून. मग मला बसवेना.

"यतीन, हा तीन खोटा आहे," मी म्हटलं. "मीच लिहिलाय तो."

"माहितीय, बाबा," तो म्हणाला, पण जागचा हलला नाही.

मी कुशला अथर्वशीर्ष म्हणायला सांगितलं. तो आधी हसला, मग माझा चेहरा बघून सुरू झाला. दोन ओळी घडाघडा म्हणाला आणि तिसरीला थांबला. परत पहिल्यापासून सुरुवात केली, परत तिथेच अडला. आठव्या वर्षी स्टेजवर अडखळला की तो पहिल्या रांगेत माझ्याकडे पाहायचा आणि मी ओठ हलवून पुढचा शब्द सांगायचो. त्याने तसंच पाहिलं. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

यतीनने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि दुसऱ्याला आत पाठवलं.

"यू टॉट मी धिस," कुश म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत, कोच."

आम्ही दहा गुणांनी हरलो. इंग्लंडचा माणूस हात मिळवून निघून गेला. मी प्रसादला सगळं सांगितलं, मार्चमधल्या माझ्या हसण्यासकट. तो माझ्याकडे पाठ फिरवून मुलाला घेऊन हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेला. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

पार्किंगमध्ये यतीनने किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसला. मी गाडी सुरू करणार, तोच म्हणाला, फाइल काढा आणि मला पाच शब्द सांगा. मला वाटलं, कुशचं मनाला लावून घेतलंय. मी सांगितले: हनी, लॅडर, बास्केट, व्हिसल, पम्किन. मग आईने जेवायला काय केलं असेल, यावर थोडं बोललो. मग विचारलं.

"हनी," तो म्हणाला. "लॅडर." बऱ्याच वेळाने, "पम्किन."

"पुरे झाला चावटपणा," मी म्हटलं. "बाकीचे दोन सांग."

"नऊ वर्षं मी मुद्दाम तीन सांगायचो, बाबा. आज मुद्दाम नाही केलं."

तो समोरच्या काचेतून बाहेर बघत होता. सुवर्णाला मी जूनपासून बघू म्हणत होतो. मी फाइलमधलं कोरं पान काढलं, वर यतीनचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. मार्चमध्ये कुशचा आकडा मी ज्या पेनाने लिहिला होता, तेच पेन खिशात होतं. नीट वाचता येईल असा तीन लिहिला. तो आकडा डॉक्टरला दाखवायचा होता.