जित्या लेकीची तेरवी

मेलेल्या माणसाच्या तेरवीला किती पुऱ्या लागतात, याचा अंदाज आंजीतल्या कोणत्याही बाईला असतो. जित्या माणसाच्या तेरवीला किती लागतात, हे मात्र आनंदाबाईला कोणी शिकवलं नव्हतं. तिने नणंदेला विचारलं, तेव्हा शकुबाई डोळ्याला पदर लावूनच म्हणाली, "तेवढ्याच लागतात वं वहिनी. खाणारे त जितेच असतात ना."

आणि मग पदर काढून तिने चुलीवरची बुंदी चाखून पाहिली. पाक जरा कच्चा होता, म्हणाली.

जिची तेरवी होती ती आनंदाबाईची लेक पद्मा त्या वेळी आर्वीला मुलींच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला पाढे शिकवत असावी. बावीस वर्षांची, ठणठणीत. तिचा गुन्हा एवढाच, की तिने आंजीतल्याच श्रीधर मास्तरशी वर्ध्याच्या कोर्टात लग्न लावलं होतं. श्रीधरच्या घरच्यांनी दीड वर्षापूर्वी, छप्पन सालच्या दसऱ्याला, बुद्धाचा धर्म घेतला होता. त्याआधी ते लोक पद्माच्या बापाच्या, भैयाजीच्या, धर्मातलेच होते. पण तेव्हाही भैयाजीच्या विहिरीपासून वीस पावलं लांबच उभे राहायचे, आणि तेव्हा भैयाजीला ते आपल्या धर्मातले आहेत याची आठवण कधी झाली नव्हती. त्यांनी धर्म सोडल्यावर झाली.

"आपला धरम बुडवला पोट्टीनं!" भैयाजी अंगणात उभा राहून ओरडला होता. सव्वीस वर्षांच्या संसारात आनंदाबाईने नवऱ्याला धर्मापायी रागावलेलं दोनदाच पाहिलं. एकदा सत्यनारायणाचा प्रसाद त्याच्या पानापर्यंत पुरला नाही तेव्हा, आणि आता.

खरं दुखणं निराळं होतं. मुलाचं, केशवचं, लग्न ठरलं होतं. मुलीचा बाप हिरालाल पुलगावचा, समाजात वजनदार माणूस. दुसऱ्याच्या घरातली घाण त्याला दुरून वास घेऊन ओळखता यायची. तो आला, ओट्यावर बसला, दोनदा चहा प्याला आणि म्हणाला, "भैयाजी, सोयरीक मोडाची माही इच्छा नाई. पण घरात असी पोरगी जिती ठेवून माह्या पोरीले मी कसी धाडू? तुमी तिले मेली म्हणा. नुसतं तोंडानं नाई. पिंड ठेवा, कावळा शिवू द्या, पंगत उठवा. मंग आपण मोकळे."

"मोकळे" हा शब्द त्याने असा म्हटला, जसं जेवणानंतर पोटावरून हात फिरवतात.

तारखेचाही घोळ झालाच. मरणाचा दिवस कोणता धरायचा? भटजींनी पंचांग उघडलं, मिटलं, आणि पद्माच्या कोर्टातल्या लग्नाचाच दिवस मरणाचा धरला. दहावं नि तेरवी एकाच दिवशी उरकायचं ठरलं, कारण हिरालालला पुढच्या आठवड्यात दुसरीकडे लग्नाला जायचं होतं. केशवने डोकं भादरायला नकार दिला. नवरदेव होणार होता ना! मिशी तेवढी दिली. बहिणीसाठी त्याने आयुष्यात दिलेली ती पहिलीच वस्तू.

त्या दहा दिवसांत घरात आनंदाबाईशी कोणी नीट बोललं नाही. भैयाजी भाकरी मागण्यापुरता बोले. केशव तेवढंही बोलेना. तिच्याजवळ येऊन बसायचा तो फौजदार.

फौजदार म्हणजे पद्माने शाळेच्या कौलावरून उतरवून आणलेला बोका. पिवळा, मस्तवाल, एका डोळ्याने अधू. गावातल्या प्रत्येक घराची झडती घेऊन यायचा, म्हणून पद्मानेच त्याचं ते नाव ठेवलं होतं. तो बौद्धांच्या वस्तीतही जायचा. तिथे मासळी शिजली की दोन दिवस तिथेच मुक्काम ठोकायचा, मग मिशा चाटत परत येऊन थेट भैयाजीच्या मांडीवर चढायचा. भैयाजी त्याला आपल्या वाटीतलं दूध पाजायचा. एकदा पद्माने विचारलंही होतं, "बाबा, हा त्यांच्या घरी जेवून आला, चालते?"

"मांजरीले शिवाशिव नसते," भैयाजी म्हणाला होता.

श्रीधर एकदाच, लग्नाआधी, रीतसर विचारायला आला होता. त्याला गोठ्यात पोत्यावर बसवलं. कान तुटलेल्या कपात चहा दिला. चहा पिऊन पोराने कप स्वतः विसळला आणि उपडा घालून ठेवला. बोका त्या वेळी स्वयंपाकघरात बसून साय खात होता. आनंदाबाई दारात उभी होती. तिला दोन्ही दिसत होतं, आणि ती काही बोलली नव्हती. त्या न बोलण्याची तिला आता नवऱ्यापेक्षाही जास्त शिसारी येत होती.

मेलेल्याच्या वस्तू घरात ठेवत नाहीत. पद्माची लुगडी, वह्या, आरसा, सगळं बाहेर गेलं. मग भैयाजीचं लक्ष बोक्याकडे गेलं.

"हाही तिचाच. कवडू, याले पोत्यात घाल आन् नदीपलीकडं सोडून ये."

कवडू म्हणजे घरचा सालदार, पन्नाशीचा. पोतं उचलताना पुटपुटला, "मालक, मांजर मारल्याचं पाप काशीले गेल्याबिगर फिटत नाई म्हणतात."

"मारू नको म्हटलं ना! सोडून ये."

"लेकीले मारल्याचं कोठी फिटते?" हे त्याने अंगणाबाहेर गेल्यावर म्हटलं, पण आनंदाबाईला ऐकू आलं.

चौथ्या दिवशी फौजदार परत आला. कान फाटलेला, पोट खपाटीला, अंगभर गोखरूचे काटे. भैयाजी ओट्यावर होता. त्याच्याकडे ढुंकूनही न बघता बोका आत आला आणि आनंदाबाईच्या मांडीत शिरून घुरघुरू लागला. त्याच्या अंगाला मासळीचा वास होता. म्हणजे वाटेत वस्तीवर कोणीतरी खाऊ घातलं होतं. एरवी त्या वासाने तिला मळमळायचं. त्या दिवशी तिने त्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि लेक गेल्यापासून पहिल्यांदा रडली. बोका हलला नाही. एवढ्या माणसांत एक जीव असा होता, की ज्याला तिच्या रडण्यातून काही नको होतं.

शकुबाईचं रडणं वेगळं. ती तेरवीच्या सकाळी अंगणात बसून रीतीने गळा काढत होती, "माय माही वोऽ, कसी गेली वोऽ!" मधेच थांबून, "वांग्यात मीठ घातलं का वं?" आणि पुन्हा, "माय माही वोऽ!"

पुरुषमंडळी पिंड घेऊन नदीवर गेली. ऊन चढलं. दुपार झाली. पंगतीचे लोक ओट्यावर येऊन बसले, पण नदीवरचं कोणी परतेना. शेवटी कवडू धापा टाकत आला.

"मालकीणबाई, तुमाले बलावलं हाय. कावळा शिवून नाई राह्यला."

"मंग मी काय करू? मी काय कावळी हाय?"

"भटजी महाराज म्हणतात, मायेत जीव अडकला हाय. मायनं सोडलं पाह्यजे." कवडू जरा थांबला. "सगळ्याहीनं कबूल करून पाह्यलं. मालक म्हणले, तुह्या मायले जपीन. केशवभाऊ म्हणले, तुह्या मास्तरले काई करणार नाई. हिरालालशेठ बी म्हणले, शांत हो बाई. कावळे तीन बसले हायेत बाभळीवर. पाहून राह्यले नुसते."

आनंदाबाईने हात धुतले आणि निघाली. शकुबाई मागून आली. रडायला कोणीतरी हवंच ना.

नदीकाठी वाळूत पळसाच्या पानावर भाताचा गोळा होता, वर तीळ. त्याच्याभोवती चौदा-पंधरा माणसं घाम पुसत उभी. केशवचा मिशीविना ओठ उघडा पडला होता, फुगल्यासारखा, नि तो सारखा हाताने झाकत होता. हिरालाल सावलीत बसला होता. प्रत्येकाच्या तोंडावर एकच भाव होता आणि तो दुःखाचा नव्हता, भुकेचा होता. आपण इतकी वर्षं याच माणसांना वाढत आलो, हे आनंदाबाईला आठवलं.

"या बाई," भटजी म्हणाले. "हात जोडा, आणि म्हणा, बाळ, आमची माया सोड. जा. एवढं म्हणा, की झालं."

"लवकर म्हण," भैयाजी हळूच म्हणाला. "लोक खोळंबले. केशवच्या जन्माचा सवाल हाय."

"आन् पद्माच्या?"

"ती मेली!"

"मंग मी काऊन बोलू तिच्याशी?"

"अवं, दोन शब्दच त म्हणाचे हायेत तुले!"

दोनच शब्द होते, खरंच. तिने म्हटले असते, तर पोराचं लग्न लागलं असतं, नवरा बोलू लागला असता, आणि आर्वीला एक पोरगी पाढे शिकवता शिकवता आईच्या तोंडून मेली असती. बाकीच्यांनी मारलं त्याचं काय एवढं! पण आईच्या तोंडून गेलेलं माणूस परत कुठल्या दाराने येणार?

आनंदाबाईने हात जोडले. डोकं पदराने नीट झाकलं. आणि शेतात हाक मारतात तशा खणखणीत आवाजात म्हणाली, "पद्मे, घरी येजो वं बाई! जावयाले घेऊन येजो. सणावाराले येजो, बाळंतपणाले येजो. मी हावो."

एकदम गोंधळ उडाला. पिंडापाशी उभं राहून मेलेल्याला घरी बोलावतात का कोणी! भटजी दोन पावलं मागे सरले. शकुबाई गळा काढायचं विसरून थू थू करू लागली. हिरालाल, ज्याने पोरीला मारायचा हट्ट धरला होता, तो घाबरून जानव्याला हात लावत उभा राहिला, जणू बाभळीमागून भूत येणार. पोरगी दहा-बारा कोसांवर जिती आहे हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि तरी प्रत्येकजण भ्यालेला होता. इतकं खोटं, की स्वतःचंच खोटं खरं वाटून अंगावर काटा यावा. आनंदाबाईला हसू आलं आणि त्या हसण्याचीही किळस आली.

कवडू तेवढा म्हणाला, "लोक जरा सरकले असते, त कावळे कवाचेच आले असते."

भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला, आणि शिवला म्हणाले. शास्त्रात सोय असते.

मग सगळे जेवायला आले. भ्यालेली माणसं जास्त जेवतात, हे तिला त्या दिवशी कळलं. हिरालालने बुंदी तीनदा घेतली. हात धुताना भैयाजीला म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मायचं मन असते. मी मनाले लावून घेत नाई. सोयरीक पक्की. फक्त लग्नात विहीणबाईहीनं समोर येऊ नये. मागं, बायाहीत बसल्या त चालते."

"चालते, चालते," भैयाजी म्हणाला. केशव पान चघळत होता. त्यानेही मान हलवली.

आनंदाबाईने ते चुलीपाशी उभं राहून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टोपलीत जुनं धडपं अंथरलं, फौजदारला आत बसवलं आणि वर दुसरी टोपली उपडी घालून सुतळीने बांधली. बोका आतून शिव्या दिल्यासारखा ओरडत होता. टोपली कमरेवर घेऊन ती ओट्यावर आली.

"कोठी चालली?" भैयाजी.

"आर्वीले. नवाची मोटार हाय."

"तेथी कोण हाय आपलं?"

"तुमचं कोणी नाई. कोणी विचारलं त सांगजा, मेलेल्या लेकीच्या घरी गेली. आठ दिवसानं येतो. येऊ द्याचं असन त दार उघडं ठेवा. नसन त लावून घ्या, मले रस्ता सापडला हाय."

भैयाजीने तोंड उघडलं. तो धर्माचं बोलेल, समाजाचं बोलेल, निदान पोरगी कशी आहे ते बघ म्हणेल, असं तिला क्षणभर वाटलं. सव्वीस वर्षांनंतरही वाटलं.

"आन् माह्या जेवणाचं?" तो म्हणाला.

"बुंदी उरली हाय," आनंदाबाई म्हणाली आणि टोपली सावरत पायऱ्या उतरली.