जाळ्यांची समुद्रगाय

समुद्र म्हणजे स्त्री, आणि स्त्री म्हणजे समुद्र. मनिलाहून आलेल्या शिल्पकार मॅम बियाने आमच्या किनाऱ्यावर हे सांगितलं, तेव्हा बायका ओहोटीत शिंपले वेचत होत्या.

"मग तिला म्हणावं, आज जरा उशिरा चढ," नांग इस्यांग मान वर न करता म्हणाली. वयाने मोठ्या बाईला आम्ही नांग म्हणतो.

मॅम बिया टाकून दिलेल्या जाळ्यांची समुद्रगाय, म्हणजे समुद्रातलं गवत खाणाऱ्या त्या मोठ्या प्राण्याचं शिल्प, करणार होती. बायकांचं आणि समुद्राचं नातं दिसावं म्हणून मनिलाच्या प्रदर्शनाला जाण्याआधी ती गाय आमच्या उथळ पाण्यात उभी राहणार होती. जाळी गोळा करणाऱ्या पोरींनी इस्यांगच्या कुंपणावर वाळत घातलेलं जाळंही उचललं. ते इतक्यांदा सांधलेलं होतं की टाकाऊच वाटलं. इस्यांगला कळेपर्यंत ते गाईच्या पोटाला शिवून झालं होतं.

"बाई, ते माझं रोजचं जाळं. घरात दुसरं नाही."

"नांग, ते आता कुणा एकीचं नाही. समुद्राचं आहे."

"समुद्र कधी सांधायला बसला होता?"

गव्हर्नर उद्घाटनाला येणार होते. तोवर पोट उसवायचं नाही, असं गावच्या कॅप्टनने, म्हणजे सरपंचाने, बजावलं.

इस्यांगने वाद सोडला. आमच्याकडे जाळ्यात जे सापडेल ते जाळ्याच्या मालकाचं, आणि मालकाने ते जाळ्यासकट सोडवून नेलं तर कॅप्टनसुद्धा अडवत नाही. "एखादी बोय मासळी अडकली तरी पुरे," म्हणत ती रोज खडकावर बसून गाईच्या पोटाकडे बघत राहिली.

उद्घाटनाच्या सकाळी पाणी ओसरलं आणि पोटात कासव दिसलं. मोठी मादी, मेलेली. मान इस्यांगच्याच सांध्यांत अडकलेली.

कासव मारलं की तुरुंग. पोलीस बूट हातात घेऊन पाण्यात उतरला. "जाळं कुणाचं?"

"बोल की," शेजारीण लुसिंग कुजबुजली. "इतके दिवस माझं माझं म्हणून घसा फोडत होतीस."

इस्यांगने आपल्या गाठी ओळखल्या.

"माझं नाही," ती म्हणाली. "मॅमना विचारा. समुद्राचं आहे म्हणतात."

मॅम बिया रडत होती, अगदी खरंखुरं. तिने होकारार्थी मान हलवली. समुद्रावर गुन्हा नोंदवता येत नाही, म्हणून पोलिसाने पेन खिशात ठेवलं.

कासव वाळूत पुरलं. गव्हर्नर आले, फीत कापली गेली. दुपारी गाय पोटातल्या जाळ्यासकट ट्रकवर चढवून मनिलाला नेली.

संध्याकाळी इस्यांगकडे भाताबरोबर दुकानातलं डब्याचं सार्डिन होतं.